सशाच्या पिल्लात ॲन्टीबॉडी वारशाने येते का? (ए१, बी४ वगैरे काय भानगड आहे?)

सशांचा_पसारा
नमस्कार मंडळी. गुहागरच्या अलीकडे आमचं घर, मागच्या पडवीत ससे पाळलेत. न्यूझीलंड व्हाईट आणि थोडे सोव्हिएत चिंचिला. धंदा म्हणावा एवढा नाही, लेंड्या नारळाला जातात आणि पिल्लं विकून खाद्याचा खर्च निघतो एवढंच.

विषय असा की एक मादी आहे, तिला पावसाळ्यात कधीच खरूज झालेली नाही. बाकीच्यांच्या कानाला, नाकाला खपल्या धरतात, सुई द्यावी लागते, ही मात्र ठणठणीत. चिपळूणचा एक गिऱ्हाईक येऊन म्हणाला हिच्या रक्तात ॲन्टीबॉडी आहेत, पिल्लांना वारशाने मिळणार, मी जास्त भाव देतो. मी खुश. पण पुतणी मायक्रोबायोलॉजी करते, तिला फोनवर सांगितलं तर हसली आणि म्हणाली काका, सशात ॲन्टीबॉडीचा वारसा असतो खरा, पण तुम्ही म्हणता तो नव्हे, आणि ए१ ए२ बी४ बी५ असलं काहीतरी पाठवून दिलं. दोनदा वाचलं, डोक्यावरून गेलं. कोणी साध्या मराठीत सांगेल का? आणि गिऱ्हाइकाला काय सांगू?

गुरुजी_निवृत्त
यात कळण्यासारखं काय आहे? खाण तशी माती. बलवान आईची पिल्लं बलवान. आमच्या वडिलांनी आयुष्यभर गुरं पाळली, कुठली पीडीएफ न वाचता पाडा निवडायचे.

कुडाळचो_झिल
गुरुजी, मगे तुमचो झिल गणितात नापास कसो जालो? 😀 (हलकेच घ्या)

लॅबवाली
पसारा काका, तुमची पुतणी बरोबर आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

एखाद्या रोगाविरुद्ध तयार झालेली ॲन्टीबॉडी वारशाने जात नाही. ती त्या त्या प्राण्याच्या बी पेशींनी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) त्याच्या हयातीत बनवलेली असते, बीजात उतरत नाही. वारशाने येतात ते ॲन्टीबॉडी बनवायचे जीन. आणि हे जीन सगळ्या सशांत तंतोतंत सारखे नसतात, थोडेथोडे फरक असतात, त्यामुळे एका सशाची ॲन्टीबॉडी दुसऱ्या सशाच्या ॲन्टीबॉडीपेक्षा अंगाने जरा निराळी असते. या प्रकारांना ॲलोटाइप म्हणतात. ॲन्टीबॉडी खरजेच्या किड्याविरुद्ध असो की आणखी कशाविरुद्ध, ए१ सशाच्या बहुतेक ॲन्टीबॉडींवर ए१ हीच खूण असणार. आंब्याच्या पेटीवर बागेचा मार्का असतो ना, आत फळ चार डझनी असो की सहा डझनी, मार्का बागेचाच, तसं.

हे सापडलं १९५६ साली, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. ज्याक उदां नावाच्या शास्त्रज्ञाने एका सशाची ॲन्टीबॉडी दुसऱ्या सशाला टोचली. दोघं एकाच जातीचे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीराने ती आपलीच समजायला हवी होती. पण काही सशांनी तिच्याविरुद्धच ॲन्टीबॉडी बनवली! म्हणजे त्यांना ती परकी वाटली. मग त्या सशांचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) घेऊन बाकीचे ससे तपासले तर काहींच्या रक्ताशी त्याची प्रतिक्रिया येते, काहींच्या नाही. आईबाप आणि पिल्लं तपासली तर खूण सरळ मेंडेलच्या नियमाने खाली उतरते.

देवगडकर_७
मार्क्याचं उदाहरण बरं आहे पण आमच्याकडे कर्नाटकचा आंबा पण देवगडच्या पेटीत येतो हो ताई.

लॅबवाली
@देवगडकर_७ हाहा. सशात तेवढी बनवाबनवी नाही. म्हणजे... थोडी आहे, पण ती पुढे सांगते.

माडाखालचा_वाचक
ए आणि बी म्हणजे रक्तगटच ना? सशाला ए, बी, ओ असतात का?

लॅबवाली
नाही, रक्तगटाशी संबंध नाही. रक्तगट लाल पेशीवर असतो, हे सीरममधल्या प्रथिनावर आहे.

ॲन्टीबॉडीत दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीचं टोक, जिथे जंतू पकडला जातो त्या बाजूचा भाग, त्याच्यावरच्या खुणा म्हणजे ए१, ए२, ए३. हलक्या साखळीचा कॅप्पा नावाचा प्रकार आहे, त्याच्यावरच्या खुणा बी४, बी५, बी६, बी९. हलक्या साखळीचा दुसरा प्रकार लॅम्बडा, तो सशात कमी, त्यावर सी७ आणि सी२१. आणखी डी आणि ई पण आहेत, जड साखळीच्या खालच्या भागात. डी११ आणि डी१२ मध्ये तर फरक फक्त एका अमिनो आम्लाचा, एकात मेथिओनिन, दुसऱ्यात थ्रिओनिन. बी४ आणि बी९ मध्ये मात्र ढीगभर फरक आहेत.

आता वारसा. ए१ए१ नर आणि ए२ए२ मादी लावली तर सगळी पिल्लं ए१ए२. त्यांच्या रक्तात दोन्ही खुणा दिसतात, एकीने दुसरी झाकली जात नाही. ही पिल्लं मोठी झाल्यावर आपसात लावली तर एक वाटा ए१ए१, दोन वाटे ए१ए२, एक वाटा ए२ए२. ए, डी आणि ई हे जीन एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत म्हणून ते सहसा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, क्वचित सुटतात. बीचा कारभार वेगळा, तो त्यांच्याशी बांधलेला नाही.

सशांचा_पसारा
ताई आता थोडं थोडं डोक्यात शिरतंय. पण मग एकाच पिल्लात दोन्ही खुणा, म्हणजे प्रत्येक ॲन्टीबॉडी अर्धी आईची अर्धी बापाची असते का?

रेघोट्या
हा प्रश्न फार चांगला आहे आणि याचं उत्तर शोधायला ससाच कामी आला होता. मी मुंबईत असतो, इम्युनॉलॉजी शिकवतो, गाव मालवणजवळ.

नाही. १९६५ मध्ये पेर्निस आणि सहकाऱ्यांनी दोन खुणा असलेल्या सशांच्या पेशी घेतल्या आणि एका खुणेला हिरवा चमकणारा रंग, दुसरीला लाल रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघितल्या. सशाच्या रक्तात दोन्ही, पण एकेक पेशी बघाल तर ही हिरवी, ती लाल, पलीकडची परत हिरवी. दोन्ही रंगांची पेशी जवळजवळ मिळेना. म्हणजे प्रत्येक बी पेशी एकतर आईकडचा जीन वापरते नाहीतर बापाकडचा, दुसरा गप्प. याला ॲलेलिक एक्स्क्लुजन म्हणतात. बाकी शरीरात बहुतेक जीन दोन्ही बाजूंनी चालतात (माद्यांतलं एक्स गुणसूत्र सोडा), ॲन्टीबॉडीचं मात्र असं. कारणही नीट आहे, एका पेशीने एकच नेम धरायचा, दोन नेम धरले तर कुठल्या जंतूसाठी ती वाढवायची हे शरीराला कळणार नाही.

आणि वाटणी अर्धी अर्धी नसते बरं का. बी४बी५ सशाच्या रक्तात सहसा बी४चा वाटा जास्त निघतो.

कुडाळचो_झिल
म्हणजे घरात दोघांचा नाव, पण चालता एकाचाच. आमच्या घरात पण तसाच हा.

सोलकढीप्रेमी
कोणाचं चालतं ते सांगायची गरज नाही 😂

गुरुजी_निवृत्त
माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. रोगाचा प्रतिकार वारशाने येतच नाही म्हणता? ऑस्ट्रेलियात सशांवर रोग सोडला होता, आधी पटापट मेले, मग पुढच्या पिढ्या मरेनाशा झाल्या. हे मी स्वतः वाचलेलं आहे.

रेघोट्या
गुरुजी, बरोबर मुद्दा. तो मिक्सोमा विषाणू, १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात सोडला. आणि हो, सशांत प्रतिकार वाढला, तो जनुकीयच आहे. पण तो बऱ्याच जीनमधल्या बारीक बारीक फरकांनी मिळून आला, त्यात इंटरफेरॉनसारखे विषाणूविरोधी जीन आहेत. जे तगले त्यांची पिल्लं जास्त झाली. त्यात कोणा सशिणीने बनवलेली ॲन्टीबॉडी पिढ्यान्‌पिढ्या वाहत आली असं नाही. तुमचे वडील पाडा निवडायचे ते चुकीचं मुळीच नव्हतं, निवड चालतेच, फक्त कारण वेगळं.

गुरुजी_निवृत्त
मग एवढं लांबण लावायचं कारण? मी तेच म्हणत होतो.

माडाखालचा_वाचक
😀😀

खरवस
माझी आयडी बघून कळलंच असेल मी काय विचारणार. गाईच्या वासराला चिकातून ॲन्टीबॉडी मिळतात, म्हणून वासराचं पोट भरल्याशिवाय आमची आजी खरवसाला चीक काढू द्यायची नाही. मग सशाचंही तसंच असेल ना? आईने दुधातून दिलं तर तो वारसाच झाला की!

लॅबवाली
@खरवस आजी एकदम बरोबर. गाय, म्हैस, शेळी, घोडी, डुक्कर यांच्यात गर्भात असताना ॲन्टीबॉडी जवळजवळ जातच नाहीत, सगळी मदार पहिल्या दिवसाच्या चिकावर. सशाचं उलटं आहे. सशात आईच्या ॲन्टीबॉडी मुख्यतः जन्माआधीच पिल्लात जातात, त्याही गर्भाच्या योक सॅकमधून (गर्भाला लागून असलेली एक पिशवी). माणसात वारेतून जातात.

पण याला वारसा म्हणता येणार नाही, ही उसनवारी आहे. पिल्लाने स्वतः काही बनवलेलं नाही, आईचं घेतलेलं आहे, काही आठवड्यांत संपतं. म्हणून पसारा काका, त्या मादीच्या पिल्लांना सुरुवातीला थोडं संरक्षण असेलही, पण तुम्ही पिल्लं विकता त्या वयानंतर त्याचा भरवसा धरू नका. शिवाय खरजेचा किडा कातडीत बिळं करून राहतो, तिथे नुसत्या ॲन्टीबॉडीने काम भागत नाही.

रेघोट्या
आणि इथेच ती बनवाबनवी येते जी लॅबवाली ताई पुढे सांगणार होत्या, त्यांची परवानगी गृहीत धरून मी सांगतो कारण मला ही गोष्ट फार आवडते.

१९६२, शेल्डन ड्रे नावाच्या शास्त्रज्ञाचा सशांवरचा प्रयोग. बाप बी४बी४, आई बी५बी५. पिल्लं सगळी बी४बी५ होणार यात शंका नाही. पण त्याने आईला आधीच बी४ ॲन्टीबॉडी टोचून ठेवली होती, म्हणजे आईच्या अंगात बी४विरुद्ध ॲन्टीबॉडी तयार. ती पोटातल्या पिल्लांत उतरली. पिल्लं जन्मली, वाढली, आणि त्यांच्या रक्तात बापाची बी४ खूण जवळजवळ दिसेचना! बी५ने ती जागा भरून काढली, एकूण ॲन्टीबॉडी कमी नाही. आईकडून आलेली ॲन्टीबॉडी केव्हाच संपून गेली तरी बी४ महिनोन्‌महिने दबलेली. आणि हेच ससे मोठे होऊन त्यांना पिल्लं झाली की बी४चा जीन पुढे नेहमीसारखा जातो. जीन कुठेही गेलेला नव्हता. नुसतं रक्त तपासून हे पिल्लू या बापाचं नव्हे असं कोणी म्हटलं असतं तर बिचाऱ्या मादीवर उगीच आळ.

मेंडेल खोटा पडत नाही, पण जीन असणं आणि तो दिसणं यात आईचं रक्त मध्ये येऊ शकतं. मला वाटतं पसारा यांच्या मूळ प्रश्नात वारसा आणि आईची देणगी असे दोन धागे गुंतलेत ना, ते या प्रयोगात एकदम सुटे दिसतात.

कुडाळचो_झिल
बापाशीचो जीन आवशीन गप बसयलो! ह्या वाचून माका लय बरा वाटला, म्हणजे हो प्रॉब्लेम सशातय हा.

अनामिका_दापोली
धागा मस्त चाललाय. एक शंका. गुहागर-दापोलीच्या रानात जो ससा दिसतो त्याच्याशी पाळीव मादी लावली तर अंगात काटकपणा येईल असं एक जण सांगत होता. खरं का?

सशांचा_पसारा
मला पण हे कोणी तरी सांगितलं होतं!

रेघोट्या
होणार नाही. आपल्या रानातला ससा हा वेगळाच प्राणी, त्याची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहतो, पिल्लं उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी. दोघांचा संकर होत नाही. आणि रानातला पकडणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, त्या फंदात पडूच नका.

फुरसं_आणि_मी
जरा विषयांतर, पण ॲन्टीबॉडीवरूनच. मागे भावाला फुरसं चावलं, सरकारी दवाखान्यात लस दिली, बरा झाला, पण पाच-सहा दिवसांनी अंगभर गांध्या आणि सांधे धरले. डॉक्टर म्हणाले घोड्याच्या ॲन्टीबॉडीमुळे. हे ॲलोटाइपमुळेच का?

लॅबवाली
नाही, ते जातीच्या फरकामुळे. घोड्याचं प्रथिन माणसाला मुळातच परकं. सापाची लस आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषाची मिळून घोड्यांना टोचून बनवतात आणि ॲन्टीबॉडीचा खालचा भाग पेप्सिनने (प्रथिनं तोडणारा पाचक रस) कापून टाकतात, तरी राहिलेला भाग घोड्याचाच. शरीर त्याच्याविरुद्ध ॲन्टीबॉडी बनवतं, काही दिवसांनी ताप, गांध्या, सांधेदुखी. त्याला सीरम सिकनेस म्हणतात. पण म्हणून लस घ्यायला कोणी घाबरू नका, फुरसं चावलं की तीच एक गोष्ट जीव वाचवते.

ॲलोटाइप म्हणजे घोड्याची ॲन्टीबॉडी दुसऱ्या घोड्याला परकी वाटावी इतका बारीक फरक. माणसातही आहेत, जीएम नावाचे. तेही १९५६ मध्येच सापडले, स्वीडनच्या ग्रुब यांना. डीएनए तपासणी येण्याआधी बापाचा वाद सोडवायला कोर्टकचेरीत जीएम वापरत.

सोलकढीप्रेमी
एक मूलभूत प्रश्न. या खुणा शोधून जगाचं काय भलं झालं? ए१ असो की ए३, ससा गाजरच खाणार.

रेघोट्या
गाजर सशाला फार देऊ नये, ते राहू दे.

भलं असं झालं. त्या काळी समज होती की एक जीन, एक साखळी. १९६३ मध्ये टॉड या शास्त्रज्ञांना दिसलं की ए१ सारखी खूण आयजीएमवर पण आहे आणि आयजीजीवर पण (हे ॲन्टीबॉडीचे दोन वर्ग). या दोन ॲन्टीबॉडींच्या जड साखळ्यांचे खालचे भाग वेगळे, म्हणजे जीन वेगळे, मग वरच्या टोकाला तीच खूण दोन्हीकडे आली कुठून? याचा अर्थ वरच्या भागाचा जीन वेगळा, खालच्या भागाचा वेगळा, आणि पेशी ते जोडून एक साखळी करते. तेव्हा हे ऐकून लोकांनी भुवया उंचावल्या. १९६५ मध्ये ड्रायर आणि बेनेट यांनी हे उघड मांडलं, १९७६ मध्ये टोनेगावा यांनी उंदराच्या पेशींत जीनचे तुकडे खरंच सरकतात हे दाखवलं, त्यांना १९८७चं नोबेल. एवढ्याशा जीनमधून इतक्या प्रकारच्या ॲन्टीबॉडी कशा बनतात याचं उत्तर त्यातून मिळालं. सशाचा वाटा त्यात मोठा आहे, पण नाव उंदराचं झालं.

लॅबवाली
सशाची आणखी एक गंमत. उंदीर आणि माणूस जड साखळीच्या टोकासाठी बरेच निरनिराळे जीन वापरतात. सशाकडे जीन ढीगभर आहेत पण दहातल्या आठ-नऊ बी पेशी एकच जीन उचलतात, व्हीएच१. ए१, ए२, ए३ म्हणजे याच जीनचे प्रकार, म्हणून तर खूण बहुतेक ॲन्टीबॉडींवर दिसते. आता सगळ्यांनी एकच जीन उचलला तर विविधता कुठून येणार? तर पिल्लू काही आठवड्यांचं असताना बी पेशी आतड्याच्या कडेला, विशेषतः अपेंडिक्समध्ये जाऊन बसतात आणि शेजारच्या न वापरलेल्या जीनमधले तुकडे उचलून आपल्या जीनमध्ये कॉपी करतात. आणि हे घडायला आतड्यात जंतू लागतात, निर्जंतुक ठेवलेल्या अपेंडिक्समध्ये ते धड होत नाही.

व्हीएच१ गेला तर काय, हे पण बघायला मिळालं. अलिसिया नावाच्या सशांत तो जीनच गळालेला आहे. पिल्लू असताना त्यांच्या रक्तात ए२ खूण जवळजवळ नाही. पण वय वाढतं तशी ए२सारखी खूण हळूहळू दिसायला लागते, कारण शेजारचे जीन तुकडे उचलून उचलून तसे होतात आणि तशाच पेशी जास्त टिकतात. देवगडकर, तुमची दुसऱ्याच्या पेटीतली हापूस इथे सापडली बघा.

देवगडकर_७
हे वाचून आमच्या व्यापाऱ्याला अंगात बळ येईल 😂

माडाखालचा_वाचक
ताई, निर्जंतुक वगैरे म्हणालात म्हणून विचारतो, मग पिल्लांना अँटिबायोटिक द्यायचं की नाही?

लॅबवाली
उगाच नाही. सशाची आतडी नाजूक, तोंडाने पेनिसिलिनच्या जातीची औषधं दिली तर हगवण लागून मरतात. जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच.

रत्नागिरी_फास्ट
ससेपालनाच्या नावाने जोड्या विकून परत घेतो म्हणणाऱ्यांनी आमच्या वाडीत दोघांना बुडवलंय. पसारा, भाव जास्त देतो म्हणणाऱ्यापेक्षा आधी किती देतो ते बघा, रोख की उधार.

सशांचा_पसारा
रोख देतो म्हणाला. पण त्याचं म्हणणं आहे की तो पुढे लॅबला पुरवणार, सीरम काढायला. म्हणून तर ॲन्टीबॉडीचं बोलत होता.

लॅबवाली
काका थांबा. प्रयोगशाळांना प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्यावे लागतात, पडवीतले ससे मध्यस्थामार्फत चालत नाहीत. त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागा. आणि सीरमसाठी ससा घेतात तेव्हा त्याच्या रक्तात आधीपासून ॲन्टीबॉडी भरपूर नसलेल्याच बऱ्या, टोचायच्या आधी कानाच्या शिरेतून रक्त घेऊन ते तपासून ठेवतात. खरजेला न जुमानणारी मादी म्हणून कोणी लॅब जास्त पैसे देणार नाही.

कॉलेजात आम्ही आगरच्या थाळीत भोकं पाडून एकात सशाचं सीरम, एकात प्रथिन घालायचो, दुसऱ्या दिवशी दोघांच्या मध्ये पांढरी रेघ उमटलेली असायची. त्या रेघेवरून ओळखायचं. उदां पण जेलीतल्या रेघाच बघायचा, फक्त नळीत. तुमच्या गिऱ्हाइकाने असली एक तरी थाळी दाखवावी, मग भावाचं बोलू.

गुरुजी_निवृत्त
हे मात्र योग्य सांगितलंत.

अनामिका_दापोली
पसारा, मादी मात्र विकू नका. खरूज न होण्याचं कारण काही का असेना, निवडीला ती चांगली. तिच्या माद्या ठेवा, नर बाहेरून आणा, आपल्याच घरचा लावू नका. पावसाळ्यात किती पिल्लांना खपल्या आल्या ते वहीत लिहा, दुसऱ्या माद्यांच्या पिल्लांचंही लिहा. कृषी विद्यापीठाच्या लोकांना वही दाखवली तर ते नीट बोलतात, तोंडी सांगितलं तर मान डोलावतात फक्त.

रेघोट्या
+१. दोन-तीन वेतांत फरक दिसला तर समजा काहीतरी वारशाने येतंय. आणि तिचा पिंजरा कुठे आहे हेही लिहा, एखादवेळी तीच एकटी कोरड्या कोपऱ्यात असायची.

सशांचा_पसारा
रेघोट्या साहेब, तुमचं वाचून आत्ता पडवीत जाऊन आलो. तिचा पिंजरा चुलीच्या भिंतीला लागून आहे. बाकीच्यांवर पागोळी पडते.

कुडाळचो_झिल
😂😂😂 जीन मेलो, चूल जिंकली.

रेघोट्या
लगेच निकाल देऊ नका. येत्या पावसात दुसरी मादी चुलीपाशी ठेवा, हिला पागोळीकडे. मग कळेल.

सशांचा_पसारा
ठेवतो. गिऱ्हाइकाला नोंदणीचा कागद मागितला, फोन उचलत नाही आता.